अटॅकनंतर बाबांचा ठोका चुकतो, तेव्हा बघायचं काय?

भांडुपच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडील ६१ वर्षांचे. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे हार्ट अटॅक आला, त्याच सकाळी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला. त्या रात्री आयसीयूत मॉनिटर वाजला आणि त्यांना शॉक द्यावा लागला. डिस्चार्ज कार्डावर ‘अँटेरिअर वॉल एमआय, ईएफ ३५ टक्के’ असं लिहिलंय, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भिंतीचा अटॅक आणि हृदयाचं पंपिंग ३५ टक्के. आता घरी आल्यावर रात्री आडवं झालं की बाबा म्हणतात, ‘ठोका चुकतो आणि मग धपकन एक पडतो.’ भावाने आणलेलं मनगटी घड्याळ मधूनच ४२ दाखवतं. डॉक्टरांनी ईसीजी काढून ‘एक्स्ट्रा बीट आहेत, काळजी नको’ असं सांगितलं. पण शेजारच्या काकांना अटॅकनंतर शॉकचं मशीन बसवलं होतं, मग बाबांना का नाही? बहीण-भाऊ तीन आठवडे आळीपाळीने रात्र जागून काढताहेत.

ताई, मी २६ वर्षं मुंबईत हृदयविकाराच्या रुग्णांमध्ये काम करते आहे. बाबांना मी तपासलेलं नाही. त्यामुळे त्यांची गोळी कमी करा, वाढवा असं काही मी सांगणार नाही. पण काय पाहायचं आणि कशाने घाबरायचं हे नीट सांगता येईल.

तुमची खरी अडचण मला अशी दिसते. तुम्ही धडधडीवर पहारा ठेवलाय. अटॅकनंतरच्या ज्या धडधडी जाणवतात त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. ज्या तालाने माणूस जातो, तो अनेकदा धडधड जाणवायलाही वेळ देत नाही. माणूस कोसळतो, किंवा गळून जातो, घामाने भिजतो, ‘कसंतरी होतंय’ एवढंच म्हणतो. म्हणून ठोक्यांकडे थोडं कमी आणि बाबांकडे जास्त बघायचं.

आधी त्या ‘धपकन’बद्दल. हृदयाचा एखादा ठोका वेळेआधी पडतो. तेव्हा हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो ठोका दुबळा असतो आणि जाणवतच नाही. त्यानंतर थोडा थांबा येतो, तो ‘चुकल्यासारखा’ वाटतो. त्या थांब्यात हृदय जास्त भरतं, म्हणून पुढचा ठोका जोरात पडतो. रात्री, त्यातही डाव्या कुशीवर, तो छातीला आतून टेकल्यासारखा लागतो. हेच ते एक्टोपिक, तुमच्या डॉक्टरांचे एक्स्ट्रा बीट. अटॅकनंतर हे फार जणांना होतात.

घड्याळातल्या ४२चाही उलगडा यातूनच होण्याची शक्यता मोठी आहे. दर दुसरा ठोका एक्स्ट्रा असेल तर त्या दुबळ्या ठोक्याची लाट मनगटापर्यंत पोहोचत नाही. हृदय ८४ वेळा धडकतं आणि घड्याळ, किंवा बोटानं मोजणारा माणूस, ४२ मोजतो. मात्र याच आकड्यामागे खरोखर मंद झालेलं हृदयही असू शकतं. अटॅकने हृदयातली विजेची वाट तुटली किंवा मेटोप्रोलॉलसारखी गोळी अंगापेक्षा जास्त झाली, तरी ४२च दिसेल. दोन्हींतला फरक घड्याळ सांगत नाही, ईसीजी सांगतो. म्हणून ४२ दिसल्यावर बाबांना चक्कर येते का, थकवा वाटतो का ते विचारा, आणि तो आकडा दिसत असतानाच एक ईसीजी निघेल असं बघा. घड्याळांची काही मॉडेल ईसीजीची एक पट्टी काढतात. ए.एफ. नावाचा बेताल ताल पकडायला ती उपयोगी पडतात. पण घड्याळ ‘नॉर्मल’ म्हणालं म्हणून अटॅक नाही किंवा धोका नाही, असा अर्थ कधीही काढू नका.

एक्स्ट्रा बीट आहेत तर ते गोळीने बंद का करत नाहीत, हे अनेक घरांतून विचारतात. पूर्वी आमच्या पेशाने तेच केलं होतं. फ्लेकेनाइड आणि एनकेनाइड ही औषधं एक्स्ट्रा बीट छान दाबायची, ईसीजी स्वच्छ दिसायचा. १९८९ मध्ये ‘कास्ट’ नावाच्या मोठ्या चाचणीत उघड झालं की अटॅकनंतर ही औषधं घेणाऱ्यांत, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त माणसं दगावत होती. ईसीजी सुधारला होता आणि माणसं जात होती. तेव्हापासून एक्स्ट्रा बीटच्या मागे लागायचं नाही, हृदयाची ताकद आणि रक्तपुरवठा सांभाळायचा, आणि चालत असेल तर बीटा ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉलसारखी नाडी शांत ठेवणारी गोळी, द्यायचा, हा रिवाज झाला. तुमचे डॉक्टर ‘काळजी नको’ म्हणाले ते टाळण्यासाठी नव्हे, यासाठी.

आता त्या रात्रीच्या शॉकबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त भीती तिथे आहे. ताल बिघडण्याला अटॅकनंतर वेळापत्रक असतं आणि अर्थ त्या वेळेवरून ठरतो. पहिल्या काही तासांत रक्तपुरवठा तुटलेला स्नायू चवताळलेला असतो. त्यातून व्ही.एफ. होऊ शकतं: हृदयाचे खालचे कप्पे आकसण्याऐवजी नुसते थरथरतात, रक्त पुढे जात नाही आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. अटॅकने रुग्णालयाबाहेर होणारे कितीतरी मृत्यू याच एका गोष्टीने होतात. अटॅकच्या रुग्णाला मॉनिटर लावून ठेवतात ते यासाठीच. बाबांना हा ताल अटॅकच्या पहिल्या ४८ तासांच्या आत आला आणि शॉकने लगेच सुटला. तो ताज्या जखमेचा होता. तेवढ्यावरून ‘पुन्हा येणारच’ असं आम्ही धरत नाही, आणि तेवढ्यासाठी मशीनही बसवत नाही. तोच ताल आठवडाभराने, कोणतंही नवं कारण नसताना आला असता तर माझं मत वेगळं असतं. त्याला जखम ताजी असणं जबाबदार नसतं, स्नायूत राहिलेला व्रण जबाबदार असतो.

व्रणाचं असं असतं की तो बरा झाला तरी तिथला स्नायू परत येत नाही. मेलेल्या भागात मधूनमधून जिवंत धागे उरतात. रस्ता खणून ठेवला की गाड्या गल्ल्यांतून वाट काढतात, तशी वीज या धाग्यांतून वाट काढते. कधी ती फिरून परत त्याच जागी येते आणि गरगर फिरत राहते. मग मिनिटाला १५०, १८०, २०० असे ठोके सुरू होतात. हा व्ही.टी. तो तीन आठवड्यांनी येऊ शकतो आणि दहा वर्षांनीही.

व्ही.टी.बद्दल एक गैरसमज दूर करते. लोकांना वाटतं, एवढा भयंकर ताल असेल तर माणूस चालू-बोलू शकणार नाही. माझ्याकडे एक गृहस्थ दादर स्टेशनवरून चालत ओपीडीत आले होते. सहा वर्षांपूर्वी अटॅक झालेला. ‘सकाळपासून धडधडतंय, जीव घाबरा होतोय’ एवढीच तक्रार. त्याआधी एका दवाखान्यात अ‍ॅसिडिटी म्हणून इंजेक्शन घेऊन आलेले, ईसीजी निघालाच नव्हता. नाडी १७०, ईसीजीवर रुंद, सलग लाटा. वरचं ब्लडप्रेशर ९६. दहा मिनिटांत त्यांना झोप देऊन शॉक दिला. चेहरा शांत असल्यामुळे त्यांच्याकडे कुणी वेळेत बघितलं नाही. जुना अटॅक असलेल्या माणसाची नाडी विश्रांतीतही अचानक १५०च्या वर गेली आणि ईसीजीतल्या लाटा रुंद असल्या, तर उलटं सिद्ध होईपर्यंत तो व्ही.टी.च धरायचा, असं आम्ही शिकाऊ डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात सांगतो. तुम्ही दवाखान्यात गेलात की पहिलं वाक्य ‘धडधडतंय’ हे नको. ‘यांना तीन आठवड्यांपूर्वी अटॅक आलाय, पंपिंग ३५ टक्के आहे, आणि आत्ता धडधडतंय’ असं सांगा. त्या एका वाक्याने तुमचा नंबर पुढे लागेल.

मग धावायचं कधी? बेशुद्ध पडणं, भले दहा सेकंद आणि नंतर अगदी ठीक वाटत असलं तरी, हे माझ्या लेखी सगळ्यात मोठं लक्षण आहे. ईएफ ३५ असलेला माणूस जेवता जेवता, बसल्या बसल्या, काही सूचना न मिळता कोसळला, तर ‘उन्हामुळे झालं असेल’, ‘उपास होता’ अशी समजूत घालून घेऊ नका. त्याच दिवशी भरती करा. धडधडीबरोबर छातीत दुखणं, दरदरून घाम, दम लागणं, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ यातलं काहीही असलं तरी लगेच निघा. नाडी शांत बसूनही १२०च्या वर जाऊन पाच-दहा मिनिटांत खाली येत नसेल, तर सोबत काही नसलं तरी ईसीजीला जा. १५०च्या वर गेली तर वाट बघू नका. नाडी खरोखर ४०च्या खाली, किंवा ५०च्या खाली आणि सोबत घेरी, तरी तसंच. याउलट, ठोका चुकला, धपकन पडला, काही सेकंदांत गेला, बाबा बोलताहेत, रंग नेहमीचा आहे, तर वहीत वेळ लिहा आणि पुढच्या भेटीत दाखवा. नुसते एक्स्ट्रा बीट अचानक खूप वाढले तर भेट अलीकडे घ्या.

नाडी मोजायला शिका. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तीन बोटं ठेवा आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चाराने गुणलं तर बेताल नाडीत आकडा हमखास चुकतो. लय कशी आहे तेही बघा. लेझीम खेळणाऱ्या रांगेत एखादा मधूनच आधी पाऊल टाकतो आणि लगेच तालात येतो, तसा एक्स्ट्रा बीट. रांगेत कुणाचंच पाऊल कुणाशी जुळत नाही, अशी नाडी लागली तर ए.एफ.ची शंका घ्या.

ए.एफ. अटॅकनंतर बऱ्याच जणांना होतं, विशेषतः साठीपुढे आणि पंपिंग कमी असलेल्यांना. त्यात लगेच जीव जाण्याची भीती कमी, पण हृदयाच्या वरच्या कप्प्यात गुठळी होऊन ती मेंदूत जाण्याची भीती खरी. म्हणून रक्त पातळ करणारं वेगळं औषध लागतं, आणि स्टेंटच्या गोळ्या चालू असताना ते देणं म्हणजे रक्तस्रावाचा धोका तोलून करायचा निर्णय. तो तुमच्या डॉक्टरांचा. तोंड वाकडं झालं, हात उचलला जाईना, बोबडं बोलायला लागले तर घड्याळ बघा आणि निघा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

एका शब्दाने घराघरात गोंधळ होतो, तो ‘ब्लॉक’. रक्तवाहिनीतला अडथळा तो ब्लॉकेज, त्याला स्टेंट. ‘हार्ट ब्लॉक’ वेगळा: त्यात वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात जाणारी वीज अडते आणि ठोके मंद होतात. हृदयाच्या खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये असा ब्लॉक बरेचदा काही दिवसांत आपोआप सुटतो, कायमचा पेसमेकर क्वचितच लागतो. बाबांसारख्या पुढच्या भिंतीच्या अटॅकमध्ये ब्लॉक झाला तर तो जास्त गंभीर, कारण तेवढा मोठा भाग गेलेला असतो. तुमच्या कार्डावर त्याचा उल्लेख नाही, ही चांगली गोष्ट आहे.

आता शेजारच्या काकांचं मशीन, म्हणजे आयसीडी. कॉलरबोनखाली बसवतात, व्ही.टी. किंवा व्ही.एफ. ओळखतं आणि आतूनच शॉक देतं. पहिलं १९८० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला एका रुग्णाला बसवलं. बाबांचं ईएफ ३५ आहे, म्हणजे त्यांचं नाव यादीच्या उंबरठ्यावर आहे. तरीही आज बसवत नाहीत, याला दोन कारणं आहेत. अटॅकनंतर स्नायूचा काही भाग मेलेला नसतो, नुसता सुन्न पडलेला असतो. रक्त परत सुरू झालं, गोळ्या नीट चालल्या की तो आठवड्यांनी जागा होतो. ३५चं ४५ झालेलं मी कितीतरी वेळा पाहिलंय. दुसरं, घाईने बसवून बघितलं गेलंय. अटॅकनंतर ६ ते ४० दिवसांच्या आत आयसीडी बसवण्याची ‘डायनामिट’ ही चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. ताल बिघडून होणारे मृत्यू कमी झाले, पण इतर कारणांनी होणारे वाढले आणि एकूण आकडा तिथेच राहिला. म्हणून नेहमीचा नियम असा: अटॅकला किमान ४० दिवस, अँजिओप्लास्टीला साधारण तीन महिने होऊ द्यायचे, या काळात औषधं पूर्ण मात्रेपर्यंत न्यायची आणि मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, परत करायचा. तेव्हाही ईएफ ३५ किंवा कमी आणि चालताना दम लागत असेल, किंवा ३० किंवा कमी असेल, तर आयसीडीची चर्चा. काकांना कधी आणि कशासाठी बसवलं हे ठाऊक नसताना तुलना होणार नाही. मधल्या काळात बाबा बेशुद्ध पडले किंवा व्ही.टी. नोंदला गेला तर हे वेळापत्रक मोडायचं असतं. हा थांबण्याचा काळ कठीण असतो, हे मी नाकारत नाही. तारखा कॅलेंडरवर खूण करून ठेवा. तीन महिन्यांचा इको विसरणारी घरं मी फार पाहिली आहेत, कारण तोवर माणूस बरा दिसायला लागतो.

या काळात ताल बिघडवणाऱ्या काही गोष्टी तुमच्या हातातल्या आहेत आणि त्यांच्याकडे फार कमी लक्ष जातं. पोटॅशियम ही पहिली. लघवीची गोळी चालू असताना पावसाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या की पोटॅशियम घसरतं आणि घसरलेल्या पोटॅशियमवर व्ही.टी. सहज पेटतो. अशा वेळी घरच्या घरी दोन दिवस काढू नका, रक्त तपासा. उलट स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन चालू असेल तर पोटॅशियम वाढतं. त्यात रोज दोन शहाळी आणि ‘कमी सोडियमचं’ मीठ घातलं की ते आणखी वर जातं, कारण त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. दुसरी गोष्ट केमिस्टकडून परस्पर आणलेली औषधं. घशासाठी अझिथ्रोमायसिन, मळमळीसाठी डोमपेरिडोन किंवा ऑन्डानसेट्रॉन, ही निरोगी माणसाला सहसा काही करत नाहीत, पण कमजोर हृदयात विजेचं चक्र लांबवून ताल बिघडवू शकतात. आणि बीटा ब्लॉकर. ‘गळल्यासारखं होतं’ म्हणून रुग्ण तो स्वतःच सोडतात. तो अचानक बंद करू नका. नाडी खूप खाली जात असेल तर मात्रा ठरवायला डॉक्टर आहेत. तंबाखू, मशेरी, दारू यांबद्दल बाबांना सांगितलं असेलच.

ईसीजीबद्दल एक छोटी सूचना. तो गुळगुळीत कागद काही वर्षांत, उन्हात तर महिन्यांत, फिका पडतो. प्रत्येक ईसीजीचा मोबाइलवर फोटो काढा, अटॅकच्या वेळचा तर नक्कीच. रात्री दोनला अनोळखी डॉक्टरला जुन्या ईसीजीशी तुलना करायला मिळणं फार मोलाचं असतं. आणि घराजवळ २४ तास ईसीजी निघतो आणि शॉकचं यंत्र चालू स्थितीत असतं असं रुग्णालय कोणतं, ते आजच दुपारी जाऊन विचारून या. बाबा शुद्धीवर असतील आणि १०८च्या रुग्णवाहिकेला उशीर लागणार असेल, तर मिळेल ती रिक्षा-टॅक्सी घ्या. जिन्यावरून त्यांना चालवू नका, खुर्चीत बसवून खाली आणा.

शेवटचा भाग लिहायला मला जड जातं, पण तो तुम्हाला माहीत हवा. काही वर्षांपूर्वी एका बाईंच्या यजमानांना जेवल्यावर झटके आले, डोळे वर गेले. घरच्यांना वाटलं फिट. कांदा फोडून नाकाला लावला, हात-पाय चोळले. घशातून घोरल्यासारखा आवाज येत होता म्हणून श्वास चालू आहे असं वाटलं. ते आमच्यापर्यंत पोहोचले तेव्हा उशीर झाला होता. व्ही.एफ.मध्ये मेंदूला रक्त मिळेनासं झालं की सुरुवातीला झटके येतात, आणि तो घोरण्यासारखा, मध्येच आचके दिल्यासारखा श्वास खरा श्वास नसतो. कोसळलेला माणूस हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, एवढं पुरेसं आहे. नाडी शोधत बसू नका. एकाने १०८ला फोन करायचा, दुसऱ्याने जमिनीवर उताणं झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी दाबायला सुरुवात करायची: पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, दर दाबानंतर छाती पुरती वर येऊ देत. थकलात की जागा बदला, थांबू नका. दाब न देता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. तुम्ही आणि भाऊ, दोघांनी एक दिवस काढून हे छाती दाबणं, म्हणजे सीपीआर, शिकून घ्या. रात्री जागण्यात जेवढे तास जाताहेत, त्याच्या अगदी थोड्या भागात ते होतं.

जागण्याबद्दल सरळ सांगते. बाबांच्या छातीकडे रात्रभर बघत बसून ताल ओळखता येत नाही, आणि घरातला ताण त्यांच्यापर्यंत पोहोचतो. तुमच्यापैकी एकाने त्यांच्या खोलीत झोपावं, दार आतून लावू नये, फोन आणि औषधांची यादी उशाशी असावी. बाथरूमच्या कडीलाही काही दिवस सुट्टी द्या, बरेच रुग्ण तिथेच कोसळतात. आज डॉक्टरांना फोन करून दोन गोष्टी विचारा: रक्तातलं पोटॅशियम शेवटचं कधी तपासलं, आणि घड्याळ ४२ दाखवतं तेव्हा नेमकं काय चाललंय ते कळायला २४ किंवा ४८ तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर बाळगून सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र, लावायचं का. मी त्यांच्या जागी असते तर लावलं असतं. होल्टर लावलं असेल तेव्हा बाबांना नेहमीसारखं वावरू द्या, जिना चढू द्या, रात्री डाव्या कुशीवर झोपू द्या, आणि ‘धपकन’ झालं की वेळ लिहायला सांगा. त्या वेळेला पट्टीवर काय उमटलंय ते डॉक्टरांकडून स्वतः समजून घ्या.